घर पुरवणाऱ्यांची अडचण

आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त अभियंते राहतात. आयुष्याची तीस वर्षे त्यांनी एका गृहनिर्माण मंडळाच्या सेवेत काढली. संध्याकाळी फिरून परतताना ते कधीकधी आमच्याकडे चहाला थांबतात. परवा घरात सोडतीचा विषय निघाला होता. माझ्या भाच्याने तिसऱ्यांदा अर्ज भरला होता आणि तिसऱ्यांदाही त्याचे नाव निघाले नव्हते. घरच्या मंडळींनी साहजिकच त्यांनाच विचारले, "अप्पा, सरकारने मनावर घेतले, तर चार घरे अधिक बांधणे असे काय अवघड आहे?"

अप्पा हसले. म्हणाले, "वहिनी, घर बांधणे अवघड नाही. परवडेल असे, टिकेल असे आणि ज्याच्यासाठी बांधले त्याच्याच हाती जाईल असे घर बांधणे अवघड आहे. त्यातही, पाया घातला एका नियमाखाली आणि छप्पर चढवायचे दुसऱ्या नियमाखाली, म्हणजे..." एवढे बोलून त्यांनी चहाचा पेला उचलला. त्यांचे ते अर्धे राहिलेले वाक्य पुरे करावे, म्हणून हे लेखन.

घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे हाल आपणा सर्वांस ठाऊक आहेत. घर पुरवणाऱ्या संस्थेची अडचण मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. या संस्थांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यांची अडचण शेवटी कुटुंबाच्याच दाराशी येऊन उभी राहते, म्हणून ती समजून घेतली पाहिजे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १८९६ साली तेथे प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० नंतर सरकारने कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी उभारल्या. त्याच बीडीडी चाळी. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, तीत एक संसार, आणि बहुधा गावाकडून आलेले दोन-तीन पाहुणेही. येथे सरकार स्वतःच घरमालक होते.

त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाची टंचाई आली. भाडेकरूंचे रक्षण करण्यासाठी १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. हेतू निःसंशय चांगला होता. त्या कायद्याने लक्षावधी कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. तथापि भाडे थांबले, म्हणून चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी थांबली नाही. मालकाने डागडुजी सोडली, गच्ची गळू लागली, जिने खचले. शेवटी दुरुस्तीसाठी उपकर बसवून १९६९ च्या कायद्याने वेगळे मंडळ नेमावे लागले, आणि एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींचा भार त्याच्यावर आला. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली, ती १९९९ च्या कायद्याने! घराची किंमत ठरवताना त्याच्या देखभालीचा खर्च कोण देणार हे ठरले नाही, तर स्वस्त घर अखेर महागच पडते, हा यातला धडा होय.

सार्वजनिक घरबांधणीच्या इतिहासातही असेच घडले. १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आली. राज्य सरकारांना निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज मिळे, व घरे भाड्याने द्यायची असत. परंतु भाडे वसूल करणे, नळ दुरुस्त करणे, जिने झाडणे ही घरमालकाची नित्याची कामे मंडळांना जड जाऊ लागली. १९७० मध्ये केंद्र सरकारने गृहनिर्माण व नागरी विकासासाठी कर्ज देणारे महामंडळ, म्हणजे हुडको, स्थापन केले. कर्ज म्हटले की ते व्याजासह फेडणे आले, आणि त्यासाठी घराची किंमत वसूल होणे आले. अशा रीतीने भाड्याचे घर मागे पडून मालकीचे घर पुढे आले. घरमालक असलेल्या संस्था हळूहळू विक्रेत्या बनल्या. ज्याच्यापाशी पहिला हप्ता भरण्यापुरतेही पैसे नव्हते, तो रांगेतून आपोआप बाहेर पडला.

जमिनीचा प्रश्न याहून बिकट. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरांतील अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळेल, अशी आशा होती. प्रत्यक्षात सवलती आणि खटले यांत फार थोडी जमीन हाती आली. केंद्राने १९९९ साली हा कायदा रद्द केला आणि महाराष्ट्रात तो २००७ साली गेला. दरम्यान १९९५ मध्ये मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची नवी पद्धत सुरू झाली. सरकारने पैसा द्यायचा नाही. विकसकाला अधिक बांधकामाचा हक्क द्यायचा, आणि जास्तीची घरे बाजारात विकून त्याने झोपडीधारकांना विनामूल्य घर द्यायचे. ४० लाख लोकांना घरे देण्याचा संकल्प तेव्हा जाहीर झाला होता; तो ठरल्या मुदतीत पुरा झाला नाही. ही गाडी बाजारभावाच्या बैलांनी ओढायची होती. भाव चढले की काम चाले, भाव उतरले की अर्धवट इमारती आणि संक्रमण शिबिरातली कुटुंबे तशीच राहत.

२०१५ साली पंतप्रधान आवास योजनेचा नागरी भाग सुरू झाला आणि कामाचा आवाका वाढला. सव्वा कोटीच्या आसपास घरे मंजूर झाली. पण नियमांची अदलाबदल येथेही सुटली नाही. गृहकर्जाच्या व्याजावरील सवलत अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ अखेर बंद झाली, आणि योजनेचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला तेव्हा निराळ्या अटींवर पुन्हा सुरू झाली. या मधल्या काळात ज्या संस्थेची घरे तयार झाली, तिच्या ग्राहकांचा हिशेब चुकला. करांचेही तसेच. एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरावरील वस्तू व सेवा कर एक टक्क्यावर आला, हे घेणाऱ्याच्या दृष्टीने इष्टच झाले. पण बांधणाऱ्याने सिमेंट-लोखंडावर भरलेल्या कराची वजावट त्याच वेळी बंद झाली, आणि सिमेंटवर तेव्हा २८ टक्के कर होता. त्याच वेळी ठरलेली ४५ लाखांची मर्यादा लहान शहरात प्रशस्त घर देते. मुंबईच्या मध्यभागी ती जेमतेम एका खोलीला पुरेल.

आणि घर तयार झाल्यावर तरी? स्वस्त घरासाठी स्वस्त जमीन हवी, आणि स्वस्त जमीन शहराबाहेर. चेन्नईत झोपडपट्ट्यांतून हलवलेली कुटुंबे २००० सालापासून दूरच्या कन्नगी नगरात वसवली गेली. घर मिळाले, परंतु रोजंदारी आणि मुलांची शाळा मागे राहिली. दिल्लीत नरेला येथील हजारो घरे दूर आणि लहान म्हणून दीर्घकाळ ग्राहकांविना पडून राहिली. पूर्वीच्या योजनांतली रिकामी घरे स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यावीत, असे २०२० साली सरकारला ठरवावे लागले. २०११ च्या जनगणनेत नागरी भारतातील एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. आणि त्यानंतर वर्षभरातच तज्ज्ञगटाने १ कोटी ८८ लाख घरांची तूट मोजली, तीही बहुतेक सगळी गरीब व अल्प उत्पन्न गटांची! घरे आहेत आणि घरे नाहीत, ही दोन्ही विधाने एकाच देशात एकाच वेळी खरी ठरतात.

मग धोरण बदलूच नये काय? तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. चुकलेला नियम सुधारलाच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या जुन्या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, ती धोरण बदलल्यामुळेच. मात्र नियम बदलताना हाती घेतलेले काम कोणत्या नियमाने पुरे होईल, हे आधी सांगावे. उंच इमारतीतील उद्वाहनाचा आणि पाण्याच्या पंपाचा मासिक खर्च गरीब कुटुंब कसे भागवील, याची तरतूद किल्ली देण्यापूर्वी करावी. आणि ज्याला विकत घेणे शक्य नाही, त्याच्यासाठी भाड्याच्या घराची वाट पुन्हा रुंद करावी.

आपणही मागणी करताना केवळ "घरे द्या" एवढेच म्हणून थांबू नये. ती कोठे, कोणाच्या खर्चाने राखली जाणारी आणि किती वर्षे टिकणारी, हेही विचारावे. असे प्रश्न विचारले गेले, तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्थेचेही बळ वाढते.

त्या संध्याकाळी निघताना अप्पांनी माझ्या भाच्याला सांगितले, "चौथा अर्ज अवश्य भर. पण त्याआधी एकदा सकाळी सात वाजता ती जागा पाहून ये. तेथून कामावर वेळेत पोचतोस का, नळाला पाणी येते का, आणि जवळ शाळा आहे का, ते बघ. आम्ही नकाशे काढताना हे पुष्कळदा विसरलो."

भाच्याने मान डोलावली. रविवारी तो आपल्या पत्नीला घेऊन ती जागा पाहून आला. आणि नंतर सोमवारी, सकाळी सात वाजता, एकटाच पुन्हा गेला.