वाहिनीचा फेरफार

स्वदेशाबाहेर विखुरलेल्या रशियन भाषकांसाठी आरटीव्हीआय ही आंतरराष्ट्रीय वाहिनी उभारणाऱ्या व्लादिमिर गुसिन्स्की यांच्या हातून एनटीव्ही ही त्यांची मूळ वाहिनी एप्रिल २००१ मध्ये गॅझप्रॉम या सरकारी वर्चस्वाच्या वायुकंपनीच्या कब्जात गेली आणि २०१२ मध्ये आरटीव्हीआयचीही मालकी पालटली, ही हकीकत पांढरकवड्याच्या वाचकास परमुलखाची वाटेल. परंतु तसे नाही. लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळात काढलेल्या साप्ताहिकाचे ‘लोकमत’ हे नाव २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’ या वृत्तवाहिनीच्या भाळी आले, २०१४ मध्ये तिच्या भागीदार नेटवर्क१८ चा ताबा रिलायन्सकडे गेला, आणि आज ती ‘न्यूज१८ लोकमत’ म्हणून ओळखली जाते. ‘स्टार माझा’चे ‘एबीपी माझा’ झाले, ‘ईटीव्ही मराठी’चे ‘कलर्स मराठी’.

भांडवल हस्तांतरित होणारच. त्यास आमची हरकत नाही. परंतु केळापूर तालुक्यातील जो कास्तकार कापसाच्या भावाची आणि पावसाची वार्ता ज्या पडद्यावरून विश्वासाने घेतो, त्या पडद्यामागचा धनी बदलल्याचे त्यास कोणी कळवू नये, हे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. दोन एकर जिराईताचा फेरफार प्रमाणित करण्यापूर्वी हितसंबंधितांस नोटीस देऊन हरकतीस मुदत ठेवावी, असा महसुली कायद्याचा दंडक आहे. लक्षावधी घरांत बोलणाऱ्या वाहिनीनेही नव्या मालकाचे नाव, त्याचे अन्य व्यवसाय आणि संपादकाचे अधिकार स्वच्छ मराठीत आपल्याच पडद्यावर जाहीर करावेत, आणि शासनाने तसा नियम करावा.