विनोदी मालिकेचे चित्रपटरूप : निष्ठा कशाशी?

माध्यमांतराची चर्चा आपल्या मराठी विभागांतून बहुधा कादंबरी आणि चित्रपट यांच्या संदर्भात होते. मूळ कथानकातील काय राखले, काय गाळले, याचा हिशेब मांडला की विवेचन पूर्ण झाले असे मानले जाते. वर्षानुवर्षे चालणारी विनोदी अ‍ॅनिमेशन मालिका चित्रपटरूप घेते, तेव्हा मात्र हा हिशेब निरुपयोगी ठरतो. कारण अशा मालिकेला राखण्याजोगे एकसंध कथानकच नसते. मग निष्ठा ठेवावयाची ती कशाशी? या प्रश्नाचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

'मोटू पतलू' हे अगदी जवळचे उदाहरण. 'लोटपोट' या हिंदी बालनियतकालिकातील ही जोडी २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २०१६ मध्ये सुहास कडव यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपटात अवतरली. मालिकेचे विश्व फुरफुरी नगरापुरते. मोटूची समोशाची हाव, पतलूची युक्ती आणि ती अंगलट येणे, एवढ्यावर एकेक भाग उभा राहतो. पुढील भागात सारे पूर्ववत्. कालच्या फजितीतून कोणी काही शिकत नाही, आणि कोणाचे वयही वाढत नाही. हे विस्मरण हा मालिकेचा दोष नव्हे. तो तिच्या विनोदाचा पायाच होय.

चित्रपटाची मागणी नेमकी याच्या उलट असते. दोन तासांच्या कथेत काहीतरी असे घडावे लागते, की ज्यानंतर पात्रांना पूर्वीच्या जागी सहज परतता येऊ नये. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे घटनेचा आकार वाढविणे. मोटू-पतलूच्या चित्रपटात सर्कशीतील सिंह येतो, कथा नगर सोडून जंगलात जाते आणि जंगलाच्या रक्षणाचा संघर्ष उभा राहतो. मराठीतही हेच दिसते. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून वृत्तपत्राच्या तीन-चार चौकटींत घरातील आणि गल्लीतील साध्या प्रसंगांवर हसवीत आला. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये त्याला पडद्यावर आणले आणि २०१३ च्या दुसऱ्या चित्रपटाच्या शीर्षकातच 'खजिना' आला. साहस वाढले, परंतु चौकटीतील तो बारीक चिमटा कितपत उरला, हा प्रश्न राहतोच.

दुसरा मार्ग अधिक अवघड आहे. मालिका जो प्रश्न सतत टाळते, तोच चित्रपटाने विचारावयाचा. १९८९ पासून चालत आलेल्या 'द सिम्पसन्स' या अमेरिकन मालिकेत नवऱ्याचा प्रत्येक मूर्खपणा पत्नी पोटात घालते. २००७ च्या चित्रपटात गावावर भलेमोठे संकट येतेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रसंग म्हणजे तिचे त्याला सोडून जाणे. लग्नाच्याच चित्रफितीवर ती आपला निरोप नोंदविते. इतकी वर्षे गृहीत धरलेली क्षमा एकदा संपू शकते, हे कळल्यावर मागील सारे हसू नव्या अर्थाने आठवते. येथे निष्ठा आहे ती पुनरावृत्तीशी. आणि पुनरावृत्ती धोक्यात आणूनच ती पाळली गेली आहे.

ही दृष्टी मराठीला परकी नाही. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाची परिस्थिती बदलते, संसार वाढतो. स्वभाव मात्र बदलत नाही. मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटाने लग्न जुळविण्याची खटपट हाच विषय घेतला. ती घटना बाहेरून आणलेली नव्हती. त्या मध्यमवर्गीय जगाच्या पोटातूनच निघाली होती. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघरी नेली आणि १९७९ मध्ये ती चित्रपटातही आली. एकाच विनोदी पात्राच्या मुद्रित, दूरचित्रवाणी आणि चित्रपट अशा तिन्ही रूपांचा अभ्यास करण्याची सोय आपल्या हाताशी असताना आपण ती क्वचितच वापरतो.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील महाविद्यालयांत आज प्रवेश घेणारे विद्यार्थी मोटू-पतलू पाहतच मोठे झाले आहेत. विनोदाच्या पुनरावृत्तीचे पहिले शिक्षण त्यांना हिंदीतून आणि पडद्यावरून मिळाले. त्याला पोरकट म्हणून आपण बाजूला सारले, तर चिमणरावही त्यांना केवळ नेमलेला उतारा वाटेल. उलट, पात्र का बदलत नाही आणि ते बदलावे लागले तर काय गमावते, हा प्रश्न त्यांच्या ओळखीच्या मालिकेपासून सुरू करून चिमणरावापर्यंत आणता येईल. आपल्या विनोदी वाङ्मयाला नवा वाचक मिळावयाचा असेल, तर अध्यापकांनी ही वाट एकदा चालून पाहावी, असे वाटते.