पसारा कोणाचा, दोष कोणाला?

"आई, प्लीज, तेवढ्या खोक्याला हात लावू नकोस हं."

न्यू जर्सीला लेकाकडे गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मला ही ताकीद मिळाली. खोकं नातवाचं होतं. त्यात बेसबॉल खेळाडूंची कार्डं, सहाशेच्या वर. मी आपली धूळ पुसायला ते उचललं होतं. पण लेकाचा तो आवाज ऐकला आणि मला एकदम १९९४ची दिवाळी आठवली. त्यालाही तीच आठवली असणार, कारण त्यानंतर जरा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्या दिवाळीच्या साफसफाईत मी चिपळूणच्या घराचा पोटमाळा आवरायला काढला होता. त्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं, ट्रम्प कार्डं, काडेपेट्यांचे छाप, सगळं रबरबँडने आवळून बांधलेलं आणि कडांना कसर लागलेलं. डबा मला चकल्यांना हवा होता. आतलं सगळं रद्दीत गेलं. वर्तमानपत्रांसकट चाळीसेक रुपये आले असतील. लेक तेव्हा तेरा वर्षांचा. शाळेतून आला, डबा उघडला, चकल्या बघितल्या. रडला नाही, भांडलाही नाही. पण त्या वर्षी त्याने चकली खाल्ली नाही.

हा विषय आमच्याकडे पुन्हा निघाला तो थेट अमेरिकेत. आणि तिथे मला कळलं, की आईने कार्डं टाकून देणं हा त्या देशातला पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोद आहे! साठी-सत्तरीच्या कुठल्याही गृहस्थाला विचारा, आईने माझी कार्डं फेकली नसती तर मी आज श्रीमंत असतो, असं तो हसत हसत सांगतो. मीही आधी हसले. मग विचार करायला लागले.

हे कार्ड म्हणजे आपल्या पत्त्याच्या पानाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. एका बाजूला खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या खेळाचे आकडे. १८८०च्या दशकात सिगारेटच्या पाकिटातून ही कार्डं मिळायला लागली, पुढे मुलांच्या बबलगमबरोबर. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ साली चारशे सात कार्डांचा एक संच काढला. त्यातलं ३११ क्रमांकाचं कार्ड मिकी मँटल या खेळाडूचं. त्याची एक अगदी कोरी राहिलेली प्रत ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेली. म्हणजे आपले शंभर कोटींच्या आसपास! पुठ्ठ्याच्या तुकड्याला!

आता त्याला एवढी किंमत का आली? तर चांगल्या प्रती फार थोड्या उरल्या म्हणून. आणि थोड्या का उरल्या? इथे सगळे आयांकडे बोट दाखवतात. पण त्या संचातली शेवटची कार्डं बाजारात आली तेव्हा बेसबॉलचा मोसम संपत आला होता. माल पडून राहिला. कंपनीतल्या साय बर्जर यांनी, म्हणजे ज्यांनी तो संच तयार केला त्यांनीच, पुढे सांगितलं की १९६०मध्ये उरलेल्या पेट्याच्या पेट्या बोटीवर लादून त्यांनी समुद्रात नेऊन टाकल्या. गोदामात जागा हवी होती म्हणून! आता मला सांगा, गोदाम रिकामं करायला कंपनीने पेट्या बुडवल्या तर तो व्यवहार, आणि दोन खोल्यांत चार माणसांचं बिऱ्हाड मांडणाऱ्या बाईने एक खोकं काढलं तर ती अडाणी?

बरं, सगळं जपून ठेवलं असतं तर सगळे श्रीमंत झाले असते, हेही खरं नाही. १९८०च्या दशकात जुन्या कार्डांच्या किमती ऐकून लोक सावध झाले. घराघरांतून नवी कार्डं पेट्या भरून ठेवली गेली, कंपन्यांनीही छापताना हात आखडला नाही. त्यातल्या बहुतेक कार्डांना आज कोणी विचारत नाही. तेव्हा पैशाचं राहू दे. माझ्या लेकाच्या डब्यात शंभर कोटी नव्हते, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याचं दुःख वेगळं होतं. "आई, तू विचारलं नाहीस," एवढंच तो म्हणाला. एकतीस वर्षांनी!

खरं आहे. मी विचारलं नाही. पण मैत्रिणींनो, माझीही एक बाजू आहे, ती इथे मांडतेच. घर आवरायचं काम कोणाचं, हे आपल्याकडे कोणी विचारतं का? माळा आवरायला मी एकटी चढले होते. ह्यांच्या दोन ट्रंका तिथेच होत्या. जुन्या रेडिओचे भाग, नाटकांची तिकिटं, बंद पडलेली घड्याळं. त्यांना मी हात लावला नाही, कारण तो 'संग्रह' होता. मुलाचा तो 'पसारा'. आणि बाईचं? माझ्याकडे रांगोळ्यांची एक वही होती, लग्नाआधीपासूनची. पाककृतींची कात्रणं होती, विणकामाचे नमुने होते. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा घरातली कागदपत्रं वर गेली, मिक्सर गेला, ह्यांच्या ट्रंका तर माळ्यावरच होत्या. वही खालच्या कपाटात राहिली. चिखल काढताना तिचा लगदा माझ्याच हाताला लागला. घरात कोणी विचारलं नाही की तुझी वही कुठे आहे. कोणाच्या लक्षातच नव्हतं, की ती 'जमवलेली' वस्तू आहे. तेव्हा मला तेरा वर्षांच्या माझ्या लेकाचा चेहरा पहिल्यांदा नीट कळला.

एवढं शहाणपण येऊनही न्यू जर्सीला माझा हात गप्प बसला नाही, हेही सांगून टाकते. एक दिवस नातू शाळेत असताना मी त्याची कार्डं लावून ठेवली. अगदी मनापासून, दोन तास बसून, शर्टांच्या रंगांप्रमाणे! निळे एकीकडे, लाल एकीकडे. तो आला आणि जमिनीवर बसलाच. "आजी, हे संचाप्रमाणे होते!" कार्डाच्या मागे क्रमांक असतो, तो मला माहीतच नव्हता. आधी वर्ष, मग संच, मग क्रमांक, आणि कुठला क्रमांक नाही त्याची यादी वहीत. काहीजण संघाप्रमाणे लावतात, काही फक्त आवडत्या खेळाडूचीच जमवतात. ज्याची त्याची रीत. पण एकदा ठरली की ती मोडायची नाही. माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या कोणी बदलल्या तर मी काय म्हणेन? मग शनिवारी आम्ही दोघांनी बसून सगळी परत लावली. तो क्रमांक वाचायचा, मी लावायची.

या लावालावीचं शास्त्र ज्याने घातलं तो मोठा माणूस कोणी धनिक नव्हता. जेफरसन बर्डिक, सिरॅक्यूज गावचा, विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्याने कार्डं, जाहिराती, पोस्टकार्डं असे तीन लाखांवर छापील कागद जमवले, त्यात बेसबॉलची तीस हजारांच्या आसपास. कुठला संच कुठला हे कळावं म्हणून त्याने प्रत्येकाला अक्षर आणि आकडा दिला. सिगारेटबरोबरच्या एका प्रसिद्ध संचाला आजही जग त्याच्याच नावाने, 'टी-२०६' म्हणून ओळखतं. टी म्हणजे टोबॅको. सगळा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तिथेच वर्षानुवर्षं बसून तो वह्यांमध्ये चिकटवला. जानेवारी १९६३मध्ये काम पुरं झालं, मार्चमध्ये तो गेला. आणि गंमत बघा, आज कार्ड जपणारा कोणीही त्याला डिंक लावणार नाही. डिंक लागला की कार्डाची किंमत गेली. त्या बिचाऱ्याने किमतीचा विचारच केला नव्हता.

आजची रीत अशी. प्रत्येक चांगलं कार्ड आधी पातळ, मऊ पाकिटात. त्यातलं खास असेल ते वरून कडक प्लास्टिकच्या खोळीत. बाकीची एका पानाला नऊ कप्पे असलेल्या फाइलमध्ये. प्लास्टिक पीव्हीसीचं नको, ते काही वर्षांनी चिकट होतं आणि छपाई ओढून घेतं. रबरबँड तर अजिबात नको, कडेला खाच पडते. ऊन नको, रंग उडतो. तिकडच्या घरांचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि तळघरात ओल येते, म्हणून कार्डं राहत्या खोलीतल्या कपाटात, उभी आणि फार दाटीने नाही. हे सगळं नातू मला शिकवत होता आणि मी मनात म्हणत होते, अरे, पैठणी वेगळी काय जपतो आम्ही? मऊ मलमलमध्ये गुंडाळायची, ऊन दाखवायचं नाही, वर्षातून दोनदा घडी बदलायची. जपण्याची विद्या बायकांना कोणी शिकवायला नको. ती कशासाठी वापरायची, एवढंच आपल्याला कोणी तरी दुसऱ्याने ठरवून दिलेलं असतं.

दोन गोष्टी मात्र आपल्याकडच्या आयांना मुद्दाम सांगते, कारण त्या आपण प्रेमापोटी करतो. एक म्हणजे लॅमिनेशन. मुलाचं काही चांगलं दिसलं की आपण लगेच झेरॉक्सवाल्याकडे धावतो. कार्ड, तिकीट, जुना फोटो, काहीही लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सुटत नाही. दुसरं, डांबराच्या गोळ्या. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं. त्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या. कोकणातल्या पावसाळ्यात त्या बदलत मात्र राहायला हव्यात.

आणि एक नियम मी सुनेच्या घरी बघितला, तो मला फार पटला. नातवाला एक फळी दिलेली आहे. त्या फळीवर मावेल तेवढंच त्याचं. फळी भरली की काय काढायचं ते तो ठरवतो, आणि फळी पुसतोही तोच. सून तिथे झाडू घेऊन जात नाही. मुलगा आहे म्हणून त्याला सूट नाही आणि मूल आहे म्हणून त्याच्या वस्तूंचा कचरा नाही. माझ्या वेळेला मी हे केलं असतं तर तेरा वर्षांचा पोरगा माळा आवरायला माझ्याबरोबर वर चढला असता. डब्याचं काय करायचं ते तिथेच ठरलं असतं. चकल्यांना मी दुसरा डबा बघितला असता, आमच्या घरात डब्यांना काय तोटा होता!

निघताना नातवाने मला एक कार्ड दिलं. त्याच्याकडे दोन होती म्हणून. पातळ पाकीट, वर कडक खोळ, सगळं नीट घालून. ते मी पैठणीच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवलंय. ह्यांना सांगून ठेवलंय की पाणी आलं तर आधी ते वर न्यायचं, आणि त्याच्याशेजारी एक नवी वही आहे, रांगोळ्यांची, तीही.

परवा नातवाचा व्हिडिओ कॉल आला. मागे लेक उभा होता. "आजी, तिकडे पाऊस सुरू झाला ना? पुडी बदललीस?" मी म्हटलं, बदलली. "दाखव," म्हणाला. मी फोन घेऊन कपाटापाशी गेले.