मातीची चाचणी, माणसाची जात

मातीची लायकी चाचणीने ठरते. ती किती चिकट, वाळताना किती आकसते, तिच्यात लोह किती, कोणत्या तापमानाला पक्की भाजते, हे सगळे तपासतात. आणि त्या मातीत राबणाऱ्या माणसाची लायकी? ती जन्माने ठरते. आमचा विरोध याला आहे.

आधी माती समजून घेऊ. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट खडकाचा. तो झिजून झालेली काळी माती कापसाला चांगली, भांड्याला वाईट. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते, वाळताना आकसते आणि भांडे तडकते. म्हणून कुंभार नदी-तळ्याचा गाळ शोधतो. सिंधुदुर्गातल्या केओलिनमध्ये म्हणजे चिनी मातीत लोह कमी, म्हणून ती पांढरी भाजते. चंद्रपूर जिल्ह्यात चिनी मातीबरोबर अग्निरोधक मातीही आहे. लाल मातीचे मडके साधारण ९०० ते १००० अंशांना भाजते, पोर्सिलेनला १२०० च्या वर जावे लागते. हे शास्त्र आहे. कुणाच्याही रक्तात ते नसते, शिकावे लागते.

मग आमची माणसे या मातीत कुठे दिसतात? वीटभट्टीवर. उचल घेऊन गाव सोडलेली नवरा-बायकोची जोडी, हजार विटांमागे ठरलेला दर, पोरांची बुडालेली शाळा. हंगाम संपतो, उचल फिटत नाही.

दुसरीकडे १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. १८ व्यवसायांत कुंभारकामही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने कर्ज. पैसा मिळतोय, गरजूंनी जरूर घ्यावा. पण गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेले कौशल्य जोपासणे, हे या योजनेचे घोषित उद्दिष्ट आहे. बापाचा धंदा पोराने करावा, ही जुनीच गोष्ट अनुदान देऊन सांगितली जात आहे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिले, की जात ही श्रमाच्या विभागणीवर न थांबता श्रमिकांचीच विभागणी करते. आम्हाला वाटते, कुंभाराच्या पोरीलाही चाक सोडून प्रयोगशाळेत जाता आले पाहिजे आणि वीट थापणाऱ्याच्या पोरालाही.

कुणी म्हणेल, परंपरा नसेल तर कारागिरी मरेल. गुजरातचे मोरबी बघा. देशातल्या बहुतांश सिरॅमिक टाइल्स तिथे बनतात आणि त्यांची बरीच माती राजस्थानातून ट्रकने येते. तो उद्योग भांडवल, गॅस, रस्ते आणि तंत्रज्ञान यांवर उभा आहे. आमच्या वस्तीला यातले काय मिळाले?

म्हणून तरुण मित्रांनो, कामाला लागा. आपल्या तालुक्यात माती उपसण्याचे परवाने कुणाच्या नावावर आहेत, ते माहिती अधिकारात मागा. भट्टीवरच्या जोडप्यांच्या उचलीचा हिशेब लिहून काढा. उचलीपायी कुणाला जाऊ देत नसतील, तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती गुन्हा आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि दक्षता समितीकडे लेखी तक्रार करा. आणि पोरांना सिरॅमिकच्या पदविकेची, अभियांत्रिकीची वाट दाखवा.

तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला शिकवले. मातीला लावतो तीच कसोटी व्यवस्थेला लावू. जी तडकते, ती फेकून देऊ.

जय भीम!