पेण-रोह्याच्या हवेचा हिशेब कोण मागणार?



रायगडात आता 'तिसरी मुंबई' येते आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. याची झळ पुढे नागोठणे-रोह्यापर्यंत जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आपण खेड्याचे गोडवे गाणारे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर ठरवले होते. म्हणून शहर नको, असे आपण म्हणणार नाही. आपला प्रश्न साधा आहे : घर कोणाला आणि धूळ कोणाला?

कायदा काय म्हणतो ते पाहा. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. दीड लाखाच्या खाली असेल तर फॉर्म भरून भागते. त्याच्या वर गेले की सविस्तर आघात अहवाल. फॉर्म १-ए मध्ये धूळ किती उडेल, उष्णता वाढेल का, असे प्रश्नही आहेत. पण उत्तरे कोण लिहितो? बिल्डरने पैसे देऊन नेमलेला सल्लागार. आणि जनसुनावणी? इमारती व टाउनशिप यांना त्यातून सूट आहे. ज्याच्या छातीत धूळ जाणार, त्यालाच बोलायची सोय नाही!

दुसरी गोम मोजणीत आहे. प्रत्येक प्रकल्प आपल्यापुरता हिशेब देतो. पण हवेला सर्व्हे नंबर नसतो. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना, रोहा तालुक्यात नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि धाटावची रासायनिक एमआयडीसी, मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, शिवाय वीटभट्ट्या. हिवाळ्याच्या रात्री थंड, जड हवा डोंगरांमधल्या सखल भागात हा सगळा धूर-धुरळा जमिनीलगत कोंडून ठेवते. पीएम २.५ ची आपल्या देशातली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. ती सर्वांच्या एकत्रित बेरजेला लागू होते, एकेकट्या इमारतीला नव्हे.

हवामानाचेही तसेच. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. पेणच्या खारजमिनीवर भराव टाकून इमारत उंचावली की भरतीचे आणि पावसाचे पाणी शेजारच्या सखल वस्तीत शिरते. इमारतीतला माणूस एसी लावेल. पत्र्याखालचा काय लावणार?

आणि पत्र्याखाली कोण राहते? सातबारा ज्याच्या नावावर, मोबदला त्याला. भूमिहीन बौद्धाला, वीटभट्टीवरच्या कातकऱ्याला, नाक्यावरच्या मजुराला मोबदला नाही. त्याच्या वाट्याला खोकला. म्हणून हा फक्त झाडे-पक्ष्यांचा विषय नाही, समतेचा आहे. २०२४ मध्ये रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये पाहिला.

पण हक्क कागदावर असून भागत नाही, हे रायगडाने जगाला शिकवले. १९२३ चा बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना ओंजळ भरायला स्वतः जावे लागले. तेव्हा पाण्यासाठी गेलो, आता हवेसाठी जायचे आहे.

आपल्या मागण्या अशा : पेण-रोहा पट्ट्याचा एकत्रित अभ्यास करा. मोजणीत हिवाळा हवाच, आणि यंत्र वस्तीत बसवा. सक्ती नसली तरी ग्रामसभेत, मराठीत अहवाल वाचून दाखवा. खारजमिनीवरील भरावाचा पाण्यावरचा परिणाम आधी तपासा.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे : मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीकडे मागा. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल माहिती अधिकारात काढा. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत फक्त ३० दिवस असते, योग्य कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. तेवढ्यात जागे झालो नाही, तर पुढची वीस वर्षे आपली पोरे ती धूळ खातील.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. यातले 'शिका' म्हणजे आघात अहवाल वाचायलाही शिका!