पाटीवरचा आकडा आणि टाकीतला माणूस

काशीच्या संकठा घाटावर सकाळी बसलं की महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे गट हमखास दिसतात. गाइड त्यांना सांगतो, हा भोसल्यांचा घाट, तो शिंद्यांचा. ऐकून मंडळी सुखावतात. शिंद्यांचा घाट ओलांडला की लगेच मणिकर्णिका. तिथे गाइडचा आवाज खाली येतो आणि 'मोक्ष' हा शब्द सुरू होतो.

मी तिथे संशोधनाच्या कामासाठी जाते, त्यामुळे माझी नजर मोक्षाकडे जात नाही. ती जाते चितेशेजारी उभ्या असलेल्या डोम कामगाराकडे. एका चितेला साधारण तीनशे किलो लाकूड लागतं. ते वाहायचं, रचायचं, आग नीट धरली की नाही ते बघायचं, बांबूने चिता सारखी करायची आणि पुन्हा पुढची चिता. दिवस-रात्र धूर. पायात रबरी चप्पल, तोंडावर फार तर गमछा. मी पाहिलेल्यांपैकी एकाच्याही हातात हातमोजे नव्हते. भाजल्यावर काय करता, असं एकाला विचारलं तर तो हसून म्हणाला, "दीदी, आग तो हमारी है, आग से क्या बचना."

हे वाक्य गाइडने ऐकलं असतं तर त्याने त्याचं तत्त्वज्ञान केलं असतं. मला त्यात जात ऐकू आली. माणसाला पिढ्यान्‌पिढ्या एकच काम चिकटवलं, की त्या कामाचा धोकाही त्याच्या ओळखीचा भाग होतो. मग तो धोका कुणाला धोका वाटत नाही, स्वभाव वाटतो.

तुम्ही म्हणाल, घाट म्हणजे काही कंपनी नव्हे. तिथे मालक नाही, हजेरीपट नाही, सेफ्टी ऑफिसर नाही. आधुनिक कारखान्यात असं चालत नाही. चला तर मग कारखान्यातच जाऊ.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात मोठ्या कंपन्यांत शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, हेल्मेट घातलेल्या साहेबांचे फोटो निघतात. गेटवर पाटी असते: अपघाताविना इतके दिवस. माझे काका पुण्याजवळच्या अशाच एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडून हाउसकीपिंगला होते. एकदा सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढताना ते आणि त्यांचा जोडीदार चक्कर येऊन पडले. ठेकेदाराने दोघांना आपल्या टेम्पोतून ओळखीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी काका गेटवरून आत गेले तेव्हा पाटीवरचा आकडा एकाने वाढलेला होता. तो शून्यावर आला नव्हता, कारण काका त्या कंपनीचे नव्हतेच. ते ठेकेदाराचे होते.

या पाटीच्या मागे एक जुना विचार आहे. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिकने १९३१ साली औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिलं आणि ८८ टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात असं मांडलं. त्यावर नंतर पुष्कळ टीका झाली, पण कॉर्पोरेट सुरक्षेच्या डोक्यातून तो आकडा गेलेला नाही. कामगाराचं वागणं सुधारा, त्याला प्रशिक्षण द्या, घोषवाक्य पाठ करून घ्या. त्या टाकीत माणूस का उतरला, हा प्रश्न या पद्धतीत शेवटी येतो. त्या टाकीत नेहमी त्याच वस्तीतला माणूस का उतरतो, हा प्रश्न तर येतच नाही.

गंमत अशी की सुरक्षाशास्त्राचं स्वतःचं सूत्र वेगळं सांगतं. धोका आवरण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कामाची पद्धत किंवा वस्तू बदला. मग यांत्रिक उपाय, मग नियम आणि प्रशिक्षण. हातमोजे, मास्क, हेल्मेट ही सर्वांत खालची, सर्वांत कमकुवत पायरी. कोणताही सेफ्टी ऑफिसर हे झोपेतही सांगेल. मशीनच्या पात्यात हात जाण्याचा धोका असेल तर कंपनी पात्याला गार्ड बसवते, सेन्सर बसवते. गटाराची वेळ आली की मात्र शिडी उलटी होते आणि पहिली पायरीच हातमोज्यांची निघते. कारण उघड आहे. गार्ड आणि सेन्सरला पैसे लागतात. जातीने पुरवलेला माणूस स्वस्त पडतो.

कायद्यातही हीच उलटी शिडी आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा काळजीपूर्वक वाचा. गटार किंवा सेप्टिक टाकीची 'धोकादायक सफाई' म्हणजे काय, तर मालकाने संरक्षक साधनं देण्याचं कर्तव्य पार न पाडता हाताने करवून घेतलेली सफाई. मैला हाताळणाऱ्याने सरकारने ठरवलेली साधनं वापरली, तर कायद्याच्या लेखी तो 'मॅन्युअल स्कॅव्हेंजर'च राहत नाही. म्हणजे बूट घातले की जात संपली! सुरक्षेच्या साधनाचा असा उपयोग जगात क्वचितच झाला असेल. इथे ते कामगाराच्या फुप्फुसाआधी मालकाची कातडी वाचवतं.

आणि ती साधनंही मिळत नाहीत. २०२२ आणि २०२३ मधल्या गटारमृत्यूंपैकी ५४ मृत्यूंची सरकारनेच सामाजिक तपासणी करवून घेतली. दहापैकी नऊ मृतांच्या अंगावर कोणतंही संरक्षक साधन नव्हतं. मरतं कोण, हेही झाकलेलं नाही. 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत नोंदवलेल्या सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत. एकट्या अनुसूचित जातींचा वाटा ६८ टक्क्यांहून जास्त. तरीही हा 'व्यावसायिक धोका' आहे, यात जात आणू नका, असं आम्हालाच सांगितलं जातं. जात आम्ही आणत नाही. ती हजेरीपटावर आधीच बसलेली आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. ही संहिता आस्थापनेच्या 'मुख्य कामात' कंत्राटी कामगार लावायला, काही अपवाद सोडून, मनाई करते. पण मुख्य काम कोणतं नाही, याची यादीही देते. त्या यादीत पहिलं नाव आहे सफाईचं: झाडणं, पुसणं, कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट. सफाई थांबली तर कोणता कारखाना, कोणतं हॉस्पिटल चार दिवस चालेल? तरीही हे काम 'मुख्य' नाही. जे गावगाड्यात गावकुसाबाहेर होतं, ते संहितेत व्याख्येबाहेर गेलं. सुरक्षेच्या नावाच्या कायद्यानेच काकांना ठेकेदाराच्या टेम्पोत बसवण्याची सोय करून ठेवली आहे.

आणि घाटावरचा तो डोम कामगार? संहितेची सर्वसाधारण अट किमान दहा कामगारांच्या आस्थापनेची आहे. ज्याचं काम आस्थापनाच मानलं जात नाही, त्याच्यासाठी त्यात जागा कुठली? त्याला सन्मान मात्र मिळतो. २०१९ मध्ये काशीचे डोमराजा पंतप्रधानांच्या उमेदवारी अर्जाचे सूचक होते. त्यांच्या निधनानंतर २०२१ मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. त्याच २०१९ च्या फेब्रुवारीत प्रयागराजच्या कुंभात सफाई कामगारांचे पाय धुतले गेले. पाय धुण्याला पाणी लागतं, पायात बूट घालायला तरतूद लागते. आम्हाला दुसरं हवं आहे.

काही मित्र म्हणतील, कंपन्यांचे सुरक्षा कार्यक्रम निदान काहींचे तरी जीव वाचवतात, त्यांच्यावर कशाला घसरता? मान्य, वाचवतात. प्रेसवरच्या कायम कामगाराचा हात आज वाचतो, आणि त्यामागे कामगार चळवळीचा घाम आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः खाली उतरले होते. कामगाराची सुरक्षितता हा आमचाच प्रश्न आहे. पण त्याच बाबासाहेबांनी जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हेही आधीच दाखवून दिलं होतं. कायम कामगाराचा हात वाचवून कंत्राटी कामगाराचं फुप्फुस मोजायचंच नाही, हा कार्यक्रम त्या विभागणीचाच नवा हजेरीपट आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कंपनीच्या आवारात जो जखमी होईल तो कंपनीच्या पाटीवर मोजला जावा, मग पगार कुणीही देवो. अपघातांच्या नोंदीत कामाचा प्रकार आणि सामाजिक प्रवर्ग दोन्ही असावेत. सुरक्षा समितीत सफाईच्या कंत्राटी कामगारांचा निवडून आलेला प्रतिनिधी असावा आणि टाकीत उतरायला नकार देणाऱ्याची रोजी जाऊ नये. मृत्यू झाला तर गुन्हा ठेकेदाराइतकाच मुख्य मालकावर लागावा. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ती मिळालीच पाहिजे, पण भरपाई मेल्यानंतरची आहे. सफाईला 'मुख्य नाही' म्हणणारं कलम रद्द व्हावं. आणि मणिकर्णिकेवर चिता रचणाऱ्यांना महानगरपालिकेने कामगार म्हणून नोंदवावं. त्यांना वेतन, विमा, भाजल्यावर उपचार आणि मुलांना हे काम न करण्याची खरी संधी द्यावी.

काका आता काम करत नाहीत. जिने चढताना दम लागतो. त्यांचा दम कुठल्याही नोंदीत नाही. पुढच्या ४ मार्चला गेटवर शपथ होईल तेव्हा रांगेतल्या कायम कामगारांनी एकच प्रश्न विचारावा: साहेब, टाकीत कोण उतरतं, आणि पाटीवर त्याचा दिवस कुठे आहे?

जय भीम.