कारणाशिवाय चार दिवस



येत्या जानेवारीच्या अखेरीस कल्याण-डोंबिवलीतल्या आम्ही नऊ जणी चार दिवस सायकलने फिरायला निघणार आहोत. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून घाट चढून इगतपुरी, मग घोटी, त्र्यंबक आणि शेवटी गंगापूर धरणाच्या आसपासचा द्राक्षमळ्यांचा आणि वाइनरींचा पट्टा. आमच्यात बँकेतली कारकून आहे, पोळीभाजी केंद्र चालवणारी आहे, दोघी शिक्षिका आहेत, एक निवृत्त परिचारिका आहे. बेत ठरल्यापासून घरातून, शेजारातून आणि चळवळीतल्या मैत्रिणींकडूनही एकच प्रश्न येतो आहे: पण कशासाठी?

हा प्रश्न पुरुषांना कुणी विचारत नाही. चार मित्र मोटारसायकली काढून लोणावळ्याला गेले तर ते 'जरा फिरायला' गेलेले असतात. बाईला उंबरठा ओलांडायला कारण लागते. माहेरपण, देवदर्शन, हळदीकुंकू, कुणाचे तरी बाळंतपण. आपल्यासारख्यांसाठी शिबिर आणि मोर्चा. आमच्याच बैठकीत एकीने सुचवले की याला 'द्राक्षमजूर स्त्रियांचा अभ्यासदौरा' म्हणू या. घरी पटेल, आणि कुठून तरी प्रवासखर्चही मिळेल. समाजकार्याचे शिक्षण घेताना आणि नंतर नोकरीत असे अहवाल मी ढिगाने लिहिले आहेत, हाही लिहून झाला असता. मी विरोध केला. ज्या बायांना आपण भेटलोही नाही त्यांचे कष्ट आपल्या सुट्टीचा परवाना म्हणून वापरायचे, हे मला पटत नाही. आणि विश्रांती हा हक्क आहे असे पोस्टरवर लिहायचे, पण स्वतः घेताना मात्र तिला कामाचे कपडे चढवायचे, हेही नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवतात असे आढळले. घरकामाला हात लावणारे पुरुष देतात ८८ मिनिटे. (हात न लावणारे यात धरलेलेच नाहीत, हे वाचताना विसरू नये.) शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या 'व्हाय लॉयटर?' या २०११ च्या पुस्तकात रस्त्यावर विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मागितला, तेव्हा पुष्कळांना ती चैन वाटली होती. मला ती चैन वाटत नाही. काम असेल तरच बाहेर, हा नियम मान्य केला की काम कोणते आणि ते किती वाजता संपायला हवे हे दुसरे कुणीतरी ठरवते.

सायकलचेही असेच आहे. ती मुलीला शाळेपुरती मिळते. शाळा संपली, लग्न ठरले की ती भावाची होते. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेचाच भाग म्हणून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी, बाजार, वर्ग यांच्यासाठी ती उपयोगी पडलीच; पण नवऱ्याची किंवा एस.टी.ची वाट न पाहता निघता येणे, ही त्यातली मोठी मिळकत होती.

आता बेताविषयी सविस्तर, कारण इतर गटांनाही उपयोग होईल. शनिवार-रविवार टाळले आहेत. त्या दिवशी मुंबईच्या मोटारी नाशिकच्या वाइनरींपुढे रांगा लावतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आणि दोघींच्या घरी बारावी, म्हणून जानेवारी. द्राक्षांची काढणी तेव्हा सुरू झालेली असते, आणि हवाही थंड. सायकल मालडब्यात चढवायची तर गर्दीच्या उलट दिशेने जाणारी सकाळची कसारा गाडीच बरी. वाटेत शहापूर तालुका लागतो. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी इथून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्याच बाया टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असतात.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी, मग सायकलला कुठून परवानगी. आपल्या वाट्याला जुना घाट आणि ट्रकच. म्हणून पहाटे निघायचे, एकामागे एक चालायचे आणि पहिला मुक्काम इगतपुरीलाच. चढावर उतरून सायकल ढकलायला लाज नाही, हा आमचा पहिला नियम. सलवारीची मोहरी चेनमध्ये अडकते, ती पट्टीने बांधावी. घाटात स्वच्छतागृह नाही. पाळीच्या तारखा आम्ही बैठकीत मोकळेपणाने विचारल्या आणि मुक्कामाची ठिकाणे त्याप्रमाणे ठरवली. परतताना उतार आणि अवजड गाड्या नकोत, म्हणून नाशिक रोडहून रेल्वे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो वाइनवरून. आमच्यातल्या तिघींनी खाडीकाठच्या हातभट्ट्या बंद करायला पोलीस चौकीवर ठाण मांडले आहे. एकीचा नवरा दारूनेच गेला. 'आडवी बाटली'साठी वॉर्डात सह्या गोळा करणाऱ्या बायांनी वाइनरीच्या दारात सायकली लावायच्या? प्रश्न रास्त आहे. २००१ च्या राज्य धोरणापासून वाइनला शेतकऱ्याच्या मालाचा प्रक्रिया उद्योग म्हणून वाढवले गेले, २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतही ती विकायचा निर्णय घेतला, तेव्हा विरोधात आपणही होतो. तो विरोध मला आजही योग्य वाटतो.

तरीही आम्ही त्या वाटेने जाणार. चाखायची की नाही हे जिचे तिने ठरवायचे; पैसे जिचे तिचे, आणि दिवसाची सायकल संपल्यावरच. हातात ग्लास आला की बाई मुक्त झाली, ही जाहिरातवाल्यांची मुक्ती मला नको. पण पुरुष प्याला तर त्याला 'टेन्शन' असते आणि बाईने घोट घेतला तर तिचे चारित्र्य जाते, या न्यायाची राखण आपण का करायची? जिचा नवरा दारूने गेला ती म्हणाली, "मी घेणार नाही. पण तुम्ही माझ्यापासून लपवूनही घेऊ नका." यापेक्षा चांगला ठराव आम्हाला करता आला नाही.

ज्या बागांमधून आम्ही जाऊ तिथे पेठ, सुरगाणा तालुक्यांतल्या आदिवासी बाया हंगामात पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून कामाला येतात. खाण्याच्या द्राक्षांत घडातले मणी विरळ करणे, घड औषधात बुडवणे, मग काढणी. बहुतेक ठिकाणी मजुरी पुरुषापेक्षा कमी. त्या येतात तोही डोंगर उतरूनच, आणि त्याला कुणी सहल म्हणत नाही. बांधावर भेट झाली तर बोलू. वही-पेन मात्र आम्ही घरी ठेवणार आहोत.

सराव सुरू झाला आहे. रविवारी पहाटे ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता, पुढच्या महिन्यापासून टिटवाळा. परिचारिका ताई साठीत सायकल शिकल्या, वळताना अजून 'बाजूला व्हा' असे ओरडतात. दोन गिअरच्या सायकली कमी पडत आहेत. तुमच्या गॅलरीत मुलाने वापरून टाकलेली, गंजत पडलेली असेल तर कळवा. चेन आणि ब्रेक आम्ही बदलून घेऊ.